तिसऱ्या दिवशीचा दहीभात

आमच्या घरात बाबांचा पेला वेगळा होता. पितळेचा, काठाला दोन ठिकाणी चेपलेला. ताटही वेगळं, जर्मनचं. ही दोन भांडी आत्या कुणाला घासू द्यायची नाही. राखेनं खसाखसा घासायची, वर उकळतं पाणी ओतायची आणि चुलीमागच्या कोनाड्यात पालथी घालायची. त्या कोनाड्याकडे माझा नुसता हात गेला तरी पाठीत धपाटा बसायचा. आणि एवढं सगळं पाळून आम्ही पाचही जणं, बाबा, आय, आत्या, मी आणि धाकटी कमू, एकाच खोलीत झोपायचो. पावसाळा लागला की नवापूरच्या आमच्या घराला पश्चिमेच्या अंगानं झावळ्यांचे झाप बांधायचे, समुद्राकडची खिडकी गोणपाटानं बुजवायची, कारण वारा लागला की बाबांचा खोकला वाढतो असं आत्याचं ठाम मत. मग चार महिने घरात चुलीचा धूर, सुक्या बोंबलांचा वास आणि बाबांचा खोकला. पेल्यातून काही येईल म्हणून आम्ही पेल्याला जपलो. श्वासाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आज हे लिहितानाही मला राग येतो, पण रागवायला आता त्यातलं कुणी उरलेलं नाही, आणि मलाही पूर्वीसारखं रागवता येत नाही. थकायला होतं.

बाबा तांडेल होते. आमच्या होडीवर त्यांच्या हाताखाली चार खलाशी. माणूस अंगानं दणकट, बोलायला कमी. त्या वर्षी होळीनंतर ते वाळायला लागले. आधी म्हणाले थंडी बसली, मग म्हणाले बर्फाचं पाणी बाधलं. शेवटी आय त्यांना बोईसरला डॉक्टरकडे घेऊन गेली. तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं, बोईसर स्टेशनाबाहेर कुठकुठची माणसं उतरायची आणि त्या दवाखान्यात मराठीपेक्षा हिंदी जास्त ऐकू यायची. डॉक्टरांनी क्षय सांगितला. रोज सुई घ्यायची, गोळ्या खायच्या, वर्ष दीड वर्ष. बाबांनी महिनाभर सुई घेतली. ताप उतरला, भूक लागायला लागली, तशी त्यांनी जायचं सोडून दिलं. कंपाउंडर म्हणे आधीच म्हणाला होता, "ये दर्यावाले महीनाभर आते हैं, फिर गायब." त्याचं खरं करायची बाबांना काय हौस होती कोण जाणे.

क्षयाचं कळलं त्या दिवशीच आत्यानं आम्हाला समोर बसवलं. आत्या बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला तेव्हापासून आमच्याकडेच. घरात शब्द तिचा. आय सून होती, ती सून म्हणूनच म्हातारी झाली. आत्या म्हणाली, "ह्या घरात कोनाला खोकला नाय. कोनी इचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं, "कोनाला खोकला नाय." "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली, आणि कमूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. कमू दोन अडीच वर्षांची, तिला त्यातलं काय कळणार, पण गूळ मिळाला म्हणून तिनंही मान हलवली.

यात नुसती लाज नव्हती. होडीवर पाच माणसं एकाच टोपातलं जेवतात, एकाच पिंपातलं पाणी पितात. तांडेलाला क्षय आहे म्हटल्यावर कुठला खलाशी त्याच्याबरोबर दर्यात जाईल? वरच्या आळीतल्या एकाचं तसं झालंही होतं. त्याची होडी दोन वर्षं वाळूवर पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. नारळी पुनवेला आपली होडी पाण्यात गेली पाहिजे, एवढा एकच विचार त्या पावसाळ्यात आमच्या घरात होता. मुलांचा विचार नव्हता असं नाही. पण मुलांना पोसणार ती होडीच, असा तो हिशेब होता.

पावसाळ्यात दर्या बंद, म्हणून बाबा दिवसभर आतल्या खोलीत भिंतीला टेकून जाळी दुरुस्त करत बसायचे. बांबूच्या चपट्या सुईत दोरा भरून द्यायचं काम माझं. कमूचं काम त्यांच्या मांडीवर बसण्याचं. दोऱ्याचं टोक ती मुठीत घट्ट धरायची आणि सोडायला सांगितलं की हसायची. बाबांच्या छातीत श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजायची. कमू त्यांच्या छातीला कान लावून ती ऐकत बसायची. "पिपानी," म्हणायची. बाबा मुद्दाम मोठा श्वास घ्यायचे, शिट्टी मोठी वाजायची, कमू खदखदून हसायची, आणि मग त्यांना खोकला यायचा तो तिच्या डोक्यावरच. आय चुलीपाशी बसून बघायची. पोर बापाकडे आहे म्हणून तिला भाकऱ्या थापायला हात मोकळे मिळायचे. घरातलं सगळ्यात आनंदाचं दृश्य कुठलं असं कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन, आणि सगळ्यात भयंकर कुठलं असं विचारलं तरी हेच.

श्रावणात शाळेत नर्सबाई आल्या. क्षयाची तपासणी गावोगाव चालली होती. बरोबर एक शिपाई आणि पत्र्याची पेटी. गुरुजींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की घरातली लहान भावंडंही आणा. आय त्या दिवशी सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजाराला गेली होती. आत्या म्हणाली, टोचतात तर टोचून घ्या, फुकट हाय. टोचणं म्हणजे देवीचंच, असं तिनं धरलं होतं. मी कमूला कडेवर घेऊन शाळेत गेले. निम्मी पोरं शिपायाला बघून सुरूच्या झाडांमागे पळाली होती. मी नाही पळाले. मला शूर म्हणवून घ्यायची हौस होती.

नर्सबाई देशावरच्या होत्या, साताऱ्याकडच्या असाव्यात. पायात चिखलानं भरलेल्या वहाणा, तोंडावर कंटाळा, पण हात हलका. त्यांनी आधी माझ्या, मग कमूच्या हाताला कोपराच्या खाली बारीक सुई टोचली. कमू रडली नाही, नुसती बघत राहिली. बाईंनी वहीत नाव लिहिलं आणि मला विचारलं, "तुझी बहीण का?" मी हो म्हटलं. "घरात कुणी खोकतं का गं?"

"कोनाला खोकला नाय," मी म्हटलं. पाठ केल्यासारखं आलं ते. त्यांनी वहीतून मान वर केली. कमूच्या अंगावर बघितलं, तिच्या बरगड्यांवरून बोट फिरवलं. मग मला बाजूला घेतलं. त्यांचे शब्द मला आजही तसेच्या तसे येतात. म्हणाल्या, "हे बघ पोरी, हे देवीच्या टोचण्यासारखं नाही. देवीचं फुगलं तर चांगलं. हे फुगलं तर चांगलं नाही. परवा मी पुन्हा इथं येणार आहे. धाकटीचा हात फुगला तर तिला काही करून आण. आईला सांग. सांगशील ना?" मी मान हलवली. परवा म्हणजे तिसऱ्या दिवशी.

आमच्याकडे देवी टोचल्या की घराचं वळण बदलायचं. टोचल्या जागी फोड उठला म्हणजे देवी आली, पोर तरलं. मग घरात फोडणी नाही, मासळी नाही. पोराला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, कुणाची नजर पडू द्यायची नाही. हाताला कडुलिंबाचा पाला, आणि देवीला थंडावा म्हणून दहीभाताचा नैवेद्य, तो आधी त्या पोराला भरवायचा. फोड उठला नाही तर टोचणं वाया गेलं म्हणायचे, आणि ज्याचं वाया गेलं त्या पोराकडे जरा कमीपणानं बघायचे. माझ्या लहानपणी माझं दोनदा वाया गेलं होतं. आत्या ते कधी विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमूच्या हातावर लाल गाठ आली. दुपारपर्यंत ती रुपयाएवढी झाली, कडक आणि गरम. माझा हात कोराच. आत्यानं कमूचा हात उजेडात धरला आणि तिचा चेहरा उजळला. "बघ, कशी उठली माजी बाय. एका दिवसात देवी आली." मग माझा हात बघितला आणि सोडून दिला. "हिचं मेलीचं परत वाया गेलं." तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंडात आलेलं होतं. पण त्या "मेली"नं ते परत आत गेलं. घरात सगळे कमूभोवती, बाबा तिला म्हणताहेत, "शूर हाय माजी पोर," आणि शूर तर मी होते, मी पळाले नव्हते. मी म्हटलं बघू देत सगळ्यांना कमूलाच. नाही सांगत जा.

इतकं साधं होतं ते. दहा वर्षांच्या पोरीचा रुसवा. लोक मोठमोठ्या कारणांनी चुका करतात असं वाचते मी. माझं कारण एवढंसं होतं.

तिसऱ्या दिवशी आत्यानं बेटेगावच्या गवळ्याकडून दही आणवलं. सकाळी मऊ भात कालवला, मीठ, वर आल्याचा कीस, फोडणी नाही. बोंबलांची टोपली पडवीत नेऊन झाकली. शाळेची घंटा झाली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी चुलीपाशी जाऊन आयला म्हटलं, "आज नर्सबाई येनार हाय. हात बघायला. कमूला न्यायला सांगलंय." एवढंच म्हटलं. फुगलं तर चांगलं नाही, हे म्हटलं नाही. आय काही बोलायच्या आत आत्या आतून म्हणाली, "देवी आलेलं पोर कोन बाहेर काढतं? हात दाखवून अवलक्षण करायला सांगलंय कोनी?" आयनं माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घातली आणि चुलीत लाकूड सरकवलं.

कमूला पाटावर बसवून आत्यानं दहीभात भरवला. तिला तो फार आवडला. मला त्यातला घासभरही मिळाला नाही, कारण तो देवीचा. मी शाळेत गेले. नर्सबाईंनी माझा हात पट्टीनं मोजल्यासारखा केला, ठीक म्हणाल्या, क्षय होऊ नये म्हणून दुसरी सुई दंडाला टोचली आणि विचारलं, "धाकटी कुठाय?" मी म्हटलं, "मामाकडे गेलीय. सफाळ्याला." त्यांनी वहीत कमूच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मग पुढच्या पोराला बोलावलं.

सात दिवस कमूला घराबाहेर काढलं नाही. झापांच्या आत, गोणपाटाच्या आत, बाबांच्या मांडीवर. देवी आलेली पोर म्हणून तिचा लाडही जास्त.

नारळी पुनव झाली, होडी पाण्यात गेली. चारही खलाशी आले. आत्यानं बाबांना ओवाळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण जिंकलो असंच आम्हाला वाटलं. आणि गणपतीच्या सुमाराला कमू चिडचिडी झाली. खाल्लेलं ओकायची. उजेडाकडे पाठ करून पडायची. डोकं धरून "बाऊ" म्हणायची. आत्या म्हणाली दात येतायत, मग म्हणाली दृष्ट लागली, मीठ मोहऱ्या ओवाळून झाल्या. एका दुपारी मी तिला उचलायला गेले तर मान वाकेना. डोळे तिरळे झालेले. मी ओरडले. त्या पावसाळ्यात मी मोठ्यानं ओरडले ते तेवढंच.

बाबा दर्यात होते. आयनं कमूला पदरात गुंडाळलं आणि आम्ही वीजघराच्या कामावरच्या एका ट्रकमधून बोईसर, तिथून गाडीनं पालघर गाठलं. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी कमूची मान बघितली, डोळे बघितले आणि आयला विचारलं, "घरात टीबी कुणाला आहे?" आयनं कमूभोवतीचा पदर सारखा केला. त्यांनी परत विचारलं. आय म्हणाली, "हिच्या बापाला." पहिल्यांदाच घराबाहेर त्या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला चढलाय, मुंबईला न्यावं लागेल, आजच. मग चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "तुमच्या गावात तपासणी झाली होती ना? हिचा हात तिसऱ्या दिवशी दाखवला नाही?"

आय जमिनीकडे बघत म्हणाली, "आमाला कोनी सांगलंच नाय."

मला वाटलं आयला खरंच माहीत नाही. मी अर्धवट सांगितलं म्हणून तिला माहीत नाही. ते वाक्य घेऊन मी पुढची तीस वर्षं काढली.

आय आणि कमू मुंबईच्या दवाखान्यात साडेतीन महिने होत्या. मी आत्याबरोबर घरी. बाबा दर्यातून आले तेव्हा आत्यानं त्यांना सांगितलं. ते अंगणात गेले आणि कोयता घेऊन पश्चिमेचे झाप एकेक करून कापून खाली टाकले. पाऊस चालू होता. आत्या म्हणाली, "अरे, वारा लागंल तुला." तेव्हा बाबा तिच्यावर ओरडले, "लागू दे." गोणपाट फाडून काढलं. घरात पाणी आलं, जाळी भिजली. त्याच संध्याकाळी ते चारही खलाशांच्या घरी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगून आले. दोघे सोडून गेले, दोघे राहिले. मूठ उघडली आणि आभाळ काही कोसळलं नाही. हे दोन महिने आधी झालं असतं तर, असं मी पूर्वी फार म्हणायचे. आता म्हणत नाही.

मग बाबांनी पुरतं औषध केलं. रोज बोईसरला चालत, पावसात, उन्हात. बरे झाले, पुढे वीस वर्षं जगले. छातीतली शिट्टीही पुष्कळ कमी झाली. पण कमूला त्यांनी परत मांडीवर घेतलं नाही. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं, आता काही भीती नाही. ते ऐकायचे आणि पडवीत वेगळे जेवायचे, त्याच चेपलेल्या पेल्यानं पाणी प्यायचे.

कमू घरी आली ती हाडांचा सापळा झालेली, डोकं भादरलेलं. पण चालत आली. सगळी आळी जमली. आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी "कमू, कमू" म्हणत मागे धावले. ती वळली नाही. तिच्या अगदी मागे जाऊन मी टाळी वाजवली. तरी वळली नाही. आय म्हणाली, "तिला ऐकाया येत नाय आता. सुयांनी गेलं." जगवायला दिलेल्या सुयांनी कान गेले. मग ती बाबांकडे गेली, सवयीनं त्यांच्या छातीला कान लावला, आणि थोडा वेळ तशीच राहिली. वर बघितलं. परत कान लावला. बाबा उठून बाहेर गेले.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. शिकले, बोईसरच्या शाळेत मास्तरीण झाले, लग्न केलं नाही, कमूला माझ्याकडे आणलं. लोक म्हणतात बहिणीसाठी केवढा त्याग केला. म्हणू देत. आय शेवटच्या आजारात आमच्याकडेच होती. एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते, आणि मला ते अंगावरून उतरवल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "आय, नर्सबाईनं मला सांगितलं होतं. फुगलं तर वाईट, म्हणून. मी तुला पुरतं सांगितलं नाही."

आय मग म्हणाली, "ती माज्याकडे बी आली होती. इहिरीवर. तुमाला टोचलं त्या सांजेला. म्हनाली, फुगलं तर आन, बाय, पोर लहान हाय. कोन खोकतं का घरात, म्हनाली. मी बोलले, कोन नाय." हात वर करून तिनं माझ्या हातातली फणी धरली. "मला ठावं होतं, हिरे. तू सांगलंस तवा बी ठावं होतं. पोरीला नेली असती तर होडी गेली असती. मला वाटलं, एवडीशी तर गाठ हाय."

मला हायसं वाटायला हवं होतं. मला संताप आला. तीस वर्षं आम्ही दोघी एकच धोंडा वेगवेगळा वाहत होतो, आणि तिनं मला एकदाही म्हटलं नाही की इकडे दे. मग वाटलं, मी तरी कुठं म्हटलं. मी केस विंचरून पूर्ण केले, अंबाडा घातला. पुढच्या पौर्णिमेआधी ती गेली.

कमूला आजही वाटतं की देवी कोपली म्हणून तिचे कान गेले. आत्यानं लहानपणी खुणांनी तिला तसंच समजावलं होतं, आणि आम्ही कुणी ते खोडलं नाही, सोयीचं होतं. म्हणून दर श्रावणात एका शुक्रवारी ती दहीभात करते. मऊ भात, मीठ, आल्याचा कीस, फोडणी नाही. नैवेद्य दाखवते आणि पहिला घास स्वतः खात नाही, मला भरवते. लहानपणी मला मिळाला नव्हता हे तिला कुठून कळणार? पण भरवते. मी खाते. इतकी वर्षं खात आले.

तिला अक्षरं मीच शिकवली. ती वाचते, सावकाश, शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत. हे सगळं मी ती वाचेल म्हणूनच लिहिलं, हे आता शेवटी कबूल करायला हरकत नाही. तोंडानं सांगायचं तर तिच्यासमोर हातवारे करावे लागतील, आणि या गोष्टीचे हातवारे मला येत नाहीत.

आज तोच शुक्रवार. स्वयंपाकघरात ती ताटावर चमचा वाजवते आहे, मला बोलवायची तिची ती रीत. कागद मी उशीखाली ठेवते. आधी तिच्या हातचा घास खाऊन घेते, आणि मग तिला देते.